भास्करराम कोल्हटकर आणि बंगालची स्वारी

१

मराठी इतिहासग्रंथांत भास्करराम कोल्हटकर हे नाव नागपूरकर भोसल्यांचा कर्तबगार दिवाण व सेनानी म्हणून येते. बंगालच्या अंतर्भागात मराठी घोडदळ नेणारा पहिला सरदार हा त्याचा लौकिक, आणि भेटीस बोलावून नबाबाने केलेला खून ही त्याच्या चरित्राची अखेर. बंगाली वाङ्मयात हाच पुरुष भास्कर पंडित या नावाने आढळतो. तेथे तो बर्गींचा नायक आहे. त्याच्या येण्याने गावे ओस पडतात आणि त्याचा मृत्यू हा दैवी न्याय ठरतो.

दोन्ही परंपरांना आधार आहेत. मराठी कागदपत्रांतून मोहिमेचे राजकारण, चौथाईचे हिशेब व सरदारांचे आपसांतील हेवेदावे कळतात. ज्यांच्या शेताशिवारांतून ही फौज गेली त्या माणसांविषयी मात्र हे कागद जवळजवळ मुके आहेत. ती उणीव बंगाली, संस्कृत व फारसी ग्रंथांनी भरून काढली आहे. त्यामुळे भास्कररामाचे चरित्र एकाच भाषेच्या साधनांवरून पुरे होऊ शकत नाही. शेजारच्या सुभ्यात यादवी माजली असता बाहेरच्या सत्तेने एका पक्षाच्या निमंत्रणाचे निमित्त करून तेथे लष्कर घातले, म्हणजे निमंत्रण देणाऱ्याचे, येणाऱ्याचे आणि ज्यांना कोणी विचारलेच नाही त्या प्रजेचे काय होते, याचे अठराव्या शतकातील एक स्वच्छ उदाहरण या चरित्रात पाहावयास मिळते.

२

भास्कररामाचा उदय रघूजी भोसल्याच्या उदयाशी निगडित आहे. वऱ्हाडात आपला चुलता कान्होजी यास बाजूस सारून रघूजीने सेनासाहेब सुभा हे पद मिळविले व पूर्वेकडील मुलूख हे आपले कार्यक्षेत्र ठरविले. १७३८ मध्ये शाहू महाराजांकडून त्याला जी सनद मिळाली, तीत बंगाल व बिहारसारख्या दूरच्या सुभ्यांतील चौथाईचे हक्कही नमूद होते. त्या वेळी बंगालमध्ये मराठ्यांचे एकही ठाणे नव्हते. हक्क आधी कागदावर मिळवावा आणि वसुलीची संधी पुढे शोधावी, ही त्या काळातील मराठी राजकारणाची सर्वमान्य रीत होती.

अशी संधी शेजाऱ्याच्या गृहकलहातून कशी निर्माण होते याचा पाठ भोसल्यांनी घराजवळच गिरविला होता. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान मरण पावल्यावर वलीशाहाने गादी बळकावली, तेव्हा राजाच्या विधवा राणीने रघूजीस मदतीस बोलाविले. रघूजीने वलीशाहाचा पाडाव करून राणीच्या मुलांचा हक्क प्रस्थापित केला व मोबदला घेऊन तो परतला. पुढे त्या भावांतच वितुष्ट आले. रघूजीने पुन्हा येऊन बुऱ्हाणशाहाचा पक्ष घेतला, अकबरशाहास परागंदा व्हावे लागले आणि राज्याची खरी सूत्रे भोसल्यांच्या हाती गेली. बुऱ्हाणशाहाकडे राजा हा किताब व तनखा एवढेच उरले. नागपूरचे भोसले राज्य उभे राहिले ते या पायावर.

या राज्याच्या उभारणीत दिवाण या नात्याने भास्कररामाचा वाटा मोठा होता. तो कारभारी होता तसा लष्करी पुढारीही होता. रघूजी फत्तेसिंग भोसल्याबरोबर कर्नाटकाच्या मोहिमेवर गेला, मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन त्याने चंदासाहेबास कैद केले. या काळात नागपूरकडील जबाबदारी मुख्यतः भास्कररामावर होती. याच सुमारास पूर्वेकडून आलेल्या वार्तांनी त्याचे लक्ष बंगालकडे वेधले.

३

बंगालचा सुभा नावाने दिल्लीच्या बादशहाचा, परंतु मुर्शिदकुलीखानाच्या वेळेपासून तो वस्तुतः वंशपरंपरागत राज्यासारखा चालत होता. मुर्शिदकुलीनंतर त्याचा जावई शुजाउद्दीन व १७३९ मध्ये शुजाउद्दीनचा मुलगा सर्फराजखान गादीवर आला. बिहारचा नायब अलीवर्दीखान याने एप्रिल १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत सर्फराजखानास ठार करून मुर्शिदाबाद बळकाविले. शुजाउद्दीनचा जावई रुस्तुमजंग त्या वेळी ओडिशाचा नायब होता. त्याने नव्या नबाबाची सत्ता मानली नाही. मार्च १७४१ मध्ये बालेश्वरनजीक त्याचा पराभव झाला व तो दक्षिणेकडे निघून गेला. त्याचा जावई मिर्झा बाकर याने त्याच वर्षी कटक पुन्हा जिंकले, तेव्हा त्याच्या फौजेत मराठी पथकेही होती. वर्षअखेरीस अलीवर्दीने स्वतः येऊन कटक परत घेतले.

या यादवीतील पराभूत पक्षाचा सर्वांत हुशार माणूस म्हणजे मीर हबीब. तो मूळचा इराणी. रुस्तुमजंगाच्या पदरी राहून त्याने ओडिशाचा कारभार पाहिला होता. बंगालमधील जमीनदार, सावकार, नदीचे उतार, किल्ल्यांतील फितुरीच्या जागा या सर्वांची त्याला माहिती होती. मराठ्यांजवळ घोडदळ होते, पण या माहितीचा अभाव होता. मीर हबीबाजवळ माहिती होती, पण फौज नव्हती. भास्कररामाच्या स्वारीला पुढे जे स्वरूप आले ते या दोहोंच्या संयोगातून. दहा वर्षांच्या या युद्धात मराठ्यांच्या बाजूने जी धोरणे आखली गेली त्यांतील बहुतेकांवर मीर हबीबाची छाप दिसते.

भास्कररामाची पूर्वेकडील वाट रतनपूरवरून गेली. छत्तीसगडच्या हैहय घराण्याचा वृद्ध राजा रघुनाथसिंग एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. त्याने प्रतिकार केला नाही. तोफांनी वाड्याची भिंत फुटल्यावर एका राणीने पांढरे निशाण दाखविले. भास्कररामाने एक लक्ष रुपये दंड बसविला, खजिना घेतला, आणि राजास भोसल्यांच्या नावाने राज्य करण्यास ठेवून तो पुढे निघाला. छोटा नागपूरच्या जंगलातून पंचेतमार्गे येऊन एप्रिल १७४२ च्या मध्यास त्याने बरद्वानजवळ बंगालच्या सपाट प्रदेशात प्रवेश केला. फौज चाळीस हजार असल्याची आवई उठली होती. प्रत्यक्षात ती बरीच कमी असावी.

अलीवर्दी ओडिशाहून परतत असता बरद्वानला थोड्या सैन्यानिशी अचानक गाठला गेला. मराठ्यांनी समोरासमोर लढाई न देता त्याची रसद तोडली व भोवतालची गावे जाळली. भास्कररामाने प्रथम दहा लक्ष रुपये मागितले. कोंडी फोडण्याच्या प्रयत्नात नबाबाचे सामानसुमान लुटले गेल्यावर ही मागणी एक कोटीवर गेली. नबाब वृद्ध असला तरी कसलेला शिपाई होता. उपाशी सैन्यासह लढत लढत त्याने काटव्यापर्यंत माघार घेतली. तेथील धान्यकोठारेही जाळली गेल्यामुळे करपलेल्या तांदळावर त्याच्या लोकांना दिवस काढावे लागले. ही माघार पार पडली नसती तर बंगालचा प्रश्न कदाचित त्याच महिन्यात मिटता.

६ मे रोजी मीर हबीब सातशे स्वारांनिशी मुर्शिदाबादवर चालून गेला. राजधानीस कोट नव्हता. जगत्‌शेठाची पेढी लुटली गेली. दुसऱ्या दिवशी अलीवर्दी पोहोचला तेव्हा स्वार निघून गेले होते. पावसाळा जवळ आला म्हणून भास्करराम बीरभूमच्या वाटेने परत फिरला होता. मीर हबीबाने त्याला गाठून मागे वळविले. बंगालमध्येच छावणी करावयाची असे ठरले. पश्चिम बंगालच्या रयतेच्या दृष्टीने या स्वारीतील सर्वांत घातक निर्णय तो हाच.

४

जून ते सप्टेंबर १७४२ या चार महिन्यांत भागीरथीच्या पश्चिमेचा प्रदेश, राजमहालापासून मेदिनीपूर व जलेश्वरपर्यंत, बहुतांशी मराठ्यांच्या ताब्यात होता. काटवा हे मुख्य ठाणे झाले. मीर हबीबाने हुगळी घेतली व तेथे मराठी अंमलदार नेमला गेला. नबाबाचा अंमल नदीच्या पूर्वेस उरला. या चार महिन्यांत जे घडले त्यातून बर्गी हा शब्द बंगाली भाषेत कायमचा रुजला.

हा शब्द मराठीतील बारगीर या शब्दाचे रूप आहे. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी अगर सरदाराच्या पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. मराठीत हा केवळ लष्करी सेवेचा प्रकार दर्शविणारा शब्द आहे. त्यात निंदा नाही. त्याच शब्दाला बंगालीत लुटारू असा अर्थ यावा, यामागील कारण त्या लष्कराच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. स्वारीवर गेलेल्या फौजेचा खर्च खजिन्यातून भागत नसे. सरदार कर्जबाजारी, शिपायांचा पगार थकलेला, बरोबर बुणग्यांचा मोठा जमाव. अशी फौज ज्या मुलखात जाई त्या मुलखावरच जगे. मुलूखगिरीचा हाच अर्थ होता. खंडणी वेळेवर मिळाली तर गाव वाचे, न मिळाली तर जाळपोळ हा वसुलीचा मार्ग असे. देण्याजोगे काही उरले नाही अशा गावातही वसुलीची पथके जात. मग छळ हेच साधन राही.

या छळाची वर्णने परस्परांशी संबंध नसलेल्या लेखकांनी केली आहेत. बरद्वानच्या राजाचा आश्रित पंडित बाणेश्वर विद्यालंकार याने चित्रचंपू या संस्कृत ग्रंथात मराठी स्वारांचे वर्णन केले आहे. सलीमुल्ला याने फारसीत तेच अत्याचार नमूद केले. गंगाराम या कवीने बंगालीत महाराष्ट्र पुराण रचले. त्याची पोथी १७५१ च्या सुमाराची आहे. यांतील बाणेश्वर हा पळून जावे लागलेल्या राजाचा कवी, सलीमुल्ला नंतरच्या काळात इंग्रजांच्या आश्रयाने लिहिणारा, आणि फारसी इतिहासकार सामान्यतः नबाबाच्या बाजूचे. त्यामुळे प्रत्येकाच्या लेखनाचे सावधपणे मूल्यमापन करणे अवश्य आहे. परंतु भाषा, धर्म व आश्रय यांत भिन्न असलेल्या लेखकांची साक्ष तपशिलात जुळत असता ती केवळ अतिशयोक्ती म्हणून बाजूस सारता येत नाही. रुपयांसाठी नाक-कान व हात तोडणे, माणसांना तळ्यात बुडविणे, स्त्रियांवर बलात्कार, घरे व देवळे जाळणे या गोष्टी घडल्या, असाच निष्कर्ष निघतो.

गंगारामाच्या काव्याचे वैशिष्ट्य पळणाऱ्या लोकांच्या चित्रणात आहे. पोथ्यांचे भार घेतलेले ब्राह्मण, तराजू उचललेले सोनार, आपापल्या धंद्याची हत्यारे घेतलेले कारागीर, गर्भिणी स्त्रिया, कधी घराबाहेर पाऊल न टाकलेल्या कुलीन बायका. कवी एकेक जात व एकेक व्यवसाय नोंदवीत जातो, आणि मग जळलेल्या गावांची नावे सांगतो. पुराणकाव्याच्या चौकटीत आलेली ही नोंद जवळजवळ खानेसुमारीसारखी आहे. एका समाजाची घडी विसकटताना कोण कोण वाटेवर आले याचा असा तपशील त्या काळच्या भारतीय भाषांत क्वचितच सापडतो.

लोक भागीरथी ओलांडून पूर्वेस गेले. नबाबाच्या कुटुंबासही पद्मेपलीकडे हलविण्यात आले. विणकरांनी व रेशीम उकलणाऱ्यांनी गावे सोडल्यामुळे कापडाचा व रेशमाचा व्यवसाय खालावला, धान्य महागले. कलकत्त्याच्या रहिवाशांनी वर्गणी करून शहराभोवती खंदक खणावयास घेतला. ठरलेल्या सात मैलांपैकी सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. मराठा खंदक हे नाव मात्र राहिले. पळालेल्या लोकांनी इंग्रजांच्या तोफांच्या आश्रयास वस्ती केली, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नव्हे. मृतांची गणती कोणी केली नाही. डच व्यापाऱ्यांनी बंगाल व बिहार मिळून चार लक्ष माणसे दगावल्याचा अंदाज केला होता. तो अंदाजच होय, मोजदाद नव्हे. तथापि वखारीत बसून व्यापाराचा हिशेब ठेवणाऱ्यांना हा आकडा असंभाव्य वाटला नाही, एवढे त्यावरून समजते.

या सर्वास भास्करराम व्यक्तिशः किती जबाबदार होता? प्रत्येक टोळीची प्रत्येक कृती त्याच्या हुकुमाने झाली असे म्हणता येणार नाही. परंतु पावसाळ्यात परमुलखात तळ देऊन फौजेला त्या मुलखावर पोसण्याचा निर्णय सेनापतीचा होता, आणि त्याचे परिणाम देवगड व रतनपूरच्या अनुभवानंतर त्याला अज्ञात असणे शक्य नव्हते.

५

त्या वर्षीच्या आश्विनात भास्कररामाने काटव्याजवळ दाईंहाट येथे दुर्गापूजेचा मोठा समारंभ आरंभिला. पूजेची सामग्री भोवतालच्या जमीनदारांकडून आली. विजयी सेनापतीने त्या भूमीच्या सर्वांत मोठ्या उत्सवाचे यजमानपद घ्यावे, यात श्रद्धा होती तसा राज्यकर्तेपणाचा दावाही होता. परंतु सप्टेंबरच्या अखेरीस, नवमीच्या रात्री, अलीवर्दीने नावांचे पूल बांधून आपले सैन्य नदीपार आणले. पूल मध्येच तुटून कित्येक शिपाई बुडाले, तरी उरलेल्यांनी पहाटे छावणीवर छापा घातला. मराठे बेसावध होते. पूजा अपुरी टाकून भास्कररामास निघावे लागले. पंचेतच्या जंगलातून तो मेदिनीपुराकडे वळला, वाटेत राधानगर जाळले, कटक घेतले. अलीवर्दीने पाठलाग करून वर्षअखेरीस त्यास चिल्का सरोवरापलीकडे घालविले.

मार्च १७४३ मध्ये रघूजी स्वतः भास्कररामास घेऊन परत आला. या वेळी प्रसंग अधिक गुंतागुंतीचा झाला. बादशहाने मराठ्यांना हाकलण्यासाठी मराठ्यांच्याच पेशव्यास, बाळाजी बाजीरावास, पाचारण केले होते. पेशव्याची फौज बिहारमार्गे आली. वाटेत ज्यांनी खंडणी दिली ते वाचले, ज्यांनी दिली नाही ते लुटले गेले. मार्चअखेर पलाशी येथे पेशवा व अलीवर्दी यांची भेट झाली. शाहू महाराजांस चौथ आणि पेशव्याच्या लष्कराच्या खर्चासाठी बावीस लक्ष रुपये देण्याचे नबाबाने मान्य केले. त्यानंतर पेशव्याने रघूजीचा पाठलाग करून त्याच्या पिछाडीवर मारा केला. रयतेच्या दृष्टीने पाहता एका मराठी फौजेपासून रक्षण करण्याची किंमत दुसऱ्या मराठी फौजेस द्यावी लागली, आणि दोन्ही फौजा त्याच शेतांतून गेल्या.

ऑगस्ट १७४३ मध्ये शाहू महाराजांनी साताऱ्यास दोघांचा समेट घडवून आणला. बंगाल व ओडिशा हे रघूजीचे कार्यक्षेत्र ठरले; पेशव्याने त्यात हात घालू नये असा निवाडा झाला. बावीस लक्ष रुपये देऊन विकत घेतलेले रक्षण पाच महिन्यांत संपुष्टात आले. साताऱ्याच्या या वाटणीत बंगालमधील कोणाचाही, नबाबाचाही, संबंध नव्हता.

६

१७४४ च्या मार्चमध्ये भास्करराम ओडिशा व मेदिनीपूरमार्गे तिसऱ्यांदा बंगालमध्ये उतरला. अलीवर्दीचा खजिना रिकामा झाला होता. फौज थकली होती. त्याने आपला अफगाण सेनापती मुस्तफाखान याच्याशी मसलत केली आणि काम फत्ते झाल्यास बिहारची नायबी देण्याचे त्यास वचन दिले. मुस्तफाखान व राजा जानकीराम हे तहाचे बोलणे घेऊन मराठ्यांच्या छावणीत गेले. आपापल्या धर्माप्रमाणे त्यांनी शपथा वाहिल्याचे सांगतात. भास्कररामाने आधी आपला माणूस पाठवून खात्री करून घेतली व मग भेटीस संमती दिली. शत्रूच्या शब्दावर विश्वास ठेवण्यात त्याने उतावीळपणा केला असे म्हणता येत नाही. चौथाईचा प्रश्न वाटाघाटीने मिटावा अशी त्याचीही इच्छा असावी.

३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे उभारलेल्या मोठ्या तंबूत तो आपल्या निवडक सरदारांसह आला. तंबूच्या दुहेरी कनातींमागे शस्त्रधारी माणसे दडविली होती. भास्करराम कोणता याची खात्री करून घेऊन नबाबाने इशारा दिला. भास्करराम व त्याच्याबरोबर आलेले वीसहून अधिक सरदार जागीच मारले गेले. छावणी सांभाळण्यास मागे राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा फौज घेऊन निसटला. नेत्यांवाचून उरलेली पथके बंगाल व ओडिशातून बाहेर पडली.

तहासाठी बोलावलेल्या पाहुण्याचा असा वध हा त्या काळच्या नीतीनेही विश्वासघात होता, आणि मराठी लेखकांनी त्याला तसे म्हटले यात अन्याय नाही. परंतु मनकराच्या तंबूतील वीस-बावीस मृत्यूंची नावानिशी नोंद ठेवणाऱ्या परंपरेने काटव्याच्या चार महिन्यांची नोंद ठेवू नये, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये. एका अपराधाने दुसऱ्याची फेड होत नाही. अलीवर्दीच्या कृत्याने भास्करराम निर्दोष ठरत नाही, आणि बर्गींच्या अत्याचारांनी अलीवर्दीची शपथ खरी होत नाही.

या मृत्यूने युद्धही थांबले नाही. मुस्तफाखानास कबूल केलेली नायबी मिळाली नाही, तेव्हा तो बंड करून उठला, आणि त्याच संधीस १७४५ मध्ये रघूजी सूड घेण्यासाठी आला. पुढील सहा वर्षे लढाया चालू राहिल्या. १७५१ च्या तहाने अलीवर्दीने दरसाल बारा लक्ष रुपये चौथ देण्याचे मान्य केले, ओडिशाचा वसूल भोसल्यांच्या फौजेस लावून दिला आणि सुवर्णरेखा नदी ही सीमा ठरली. भास्कररामाने बरद्वानला पहिल्या दिवशी मागितलेल्या रकमेहून हा आकडा फारसा वेगळा नाही. दहा वर्षांच्या युद्धाची निष्पत्ती एवढीच.

ज्या यादवीच्या निमित्ताने हा हस्तक्षेप झाला तीतील कोणत्याही पक्षाचे हित त्याने साधले नाही. रुस्तुमजंगास ओडिशा परत मिळाला नाही. मीर हबीब तहानंतर ओडिशाचा कारभार पाहू लागला, पण १७५२ मध्ये मराठ्यांच्याच हातून मारला गेला. अलीवर्दीची गादी टिकली, परंतु युद्धाचा खर्च भागविण्यासाठी त्याने जमीनदारांवर चौथ मराठा या नावाचा जादा कर बसविला. तो अखेर रयतेवरच पडला. जिची गावे बर्गींनी जाळली तिलाच बर्गींना द्यावयाच्या पैशाची भरपाई करावी लागली. ओडिशात भोसल्यांचा अंमल १८०३ पर्यंत राहिला.

७

साहित्याच्या इतिहासात भास्कररामाला जे स्थान मिळाले ते प्रामुख्याने गंगारामामुळे. त्याच्या काव्याची पोथी मैमनसिंग जिल्ह्यात सापडली, विसाव्या शतकाच्या प्रारंभी वंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत ती प्रसिद्ध झाली आणि १९६५ मध्ये एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी तिचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केले. काव्याच्या आरंभी पापाने भारावलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे जाते, आणि शिव आपल्या नंदीस शाहू राजाकडे पाठवितो. म्हणजे मराठ्यांची स्वारी ही प्रारंभी ईश्वरी योजनाच आहे. परंतु फौज ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया व गाई यांची हत्या करू लागते तेव्हा पार्वती कोपते, भास्करावरची कृपा काढून घेते आणि नबाबाच्या पक्षास अनुकूल होते. दाईंहाटला ज्या देवीची पूजा अपुरी राहिली तीच देवी मनकरास त्याच्या विरुद्ध उभी राहते.

ही रचना केवळ पौराणिक संकेत म्हणून पाहणे पुरेसे नाही. भारतचंद्राच्या १७५२ च्या अन्नदामंगलातही असाच प्रारंभ आहे: भुवनेश्वरात नबाबाच्या सैन्याने केलेल्या उपद्रवामुळे शिवाच्या प्रेरणेने बर्गी येतात. हिंदू कवींना मुसलमान नबाबाविरुद्ध आलेल्या हिंदू फौजेविषयी प्रथम सहानुभूती वाटणे स्वाभाविक होते. गंगारामाने ती सहानुभूती काव्यात नोंदविली आणि काव्यातच मागे घेतली. धर्माच्या नात्यापेक्षा जळलेल्या गावाचा पुरावा त्याने अधिक मानला. राजवटीविषयी लोकमत कसे बनते व कसे पालटते याचा हा अठराव्या शतकातील मौलिक दाखला होय. ओडिया साहित्यातही पुढे व्रजनाथ बडजेना याने समरतरंग काव्यात ढेंकानाळच्या राजाने मराठ्यांशी दिलेल्या झुंजीचे वर्णन केले. तेथे मराठे उघडच परचक्र आहेत.

बंगाली घरांत बर्गींची आठवण मुलांना निजविण्याच्या गाण्यातून टिकली. अशा प्रदेशात १९०४ मध्ये सखाराम गणेश देऊस्कर या देवघरच्या मराठी कुटुंबातील बंगाली लेखकाने शिवाजीविषयी पुस्तिका लिहिली आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यासाठी शिवाजी उत्सव ही कविता रचली, ही घटना या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण ठरते. स्वदेशीच्या काळातील त्या सलोख्याला दीडशे वर्षांपूर्वीच्या स्मृतीवरून वाट काढावी लागली होती. तिला बंगाली वाचकाने सामोरे जाण्याचे धैर्य दाखविले. मराठी लेखनात तेवढ्या प्रमाणात तसे झाले नाही.

भास्करराम कोल्हटकर हा आपल्या धन्याशी एकनिष्ठ, धाडसी आणि देवभक्त पुरुष होता, हे मराठी साधनांवरून सिद्ध होते. त्याच्या फौजेने पश्चिम बंगालची गावे उजाड केली, हे इतर भाषांच्या साधनांवरून तितकेच सिद्ध होते. गंगारामाच्या पोथीत त्याच्या मृत्यूपाशी पहिले कांड संपते, आणि पुढील कांडे उपलब्ध नाहीत. पोथीच्या सुमारासच १७५१ चा तह झाला होता. म्हणजे नायकाच्या वधानंतर आणखी सात वर्षे चाललेली लूट, कर आणि स्थलांतर कवीच्या परिचयाची होती. मराठी बखर व बंगाली पुराण दोन्ही भास्कररामाच्या अंताशी थांबतात. काटव्याच्या रयतेची हकीकत तेथे संपत नव्हती.